रिकामा कोनाडा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोन जणांनी "ब्लॉग बंद केलास का रे?" असं विचारलं (त्यातली एक माझी सख्खी आत्या, म्हणजे खरं तर एकानेच विचारलं म्हणायला हवं). बंद केलेला नाही. आळस, दुसरं काही नाही.

आजचा विषय तांत्रिक आहे, पण नातेवाईक मंडळींनो, लगेच खिडकी बंद करू नका. तुमच्या सगळ्यांचे फोटो ज्या डब्यात आहेत त्या डब्याची ही गोष्ट आहे. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत भाचा बंगळुरूहून आला होता. तो याच धंद्यातला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि त्यामुळे माझ्यापेक्षा वीस पट आत्मविश्वास असलेला. टेबलाखालच्या आमच्या घरच्या सर्व्हरमध्ये डोकावला आणि म्हणाला, "मामा, घरात दोन डिस्क आहेत तुझ्या. दोन! त्यासाठी ऑटोएफएस कशाला चालवतोस? एफएसटॅबमध्ये दोन ओळी टाक आणि मोकळा हो. उगाच एक सर्व्हिस वाढवलीस. जितक्या सर्व्हिस तितकी बिघडायची ठिकाणं."

त्याचं म्हणणं चूक नाही. मीही पंधरा वर्षं हेच म्हणत आलो. तेव्हा वाद न घालता चहा प्यायलो. पण मग रात्रभर डोक्यात उत्तर तयार होत राहिलं, आणि असं उत्तर टाकायला ब्लॉगसारखी जागा नाही :)

आधी ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावला की त्याला ई किंवा एफ असं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळ्या फायलींचं एकच मोठं झाड असतं आणि नवी डिस्क त्या झाडातल्या कुठल्या तरी फोल्डरवर जोडावी लागते. या जोडण्याला म्हणायचं माउंट करणं. आमच्या गुहागरजवळच्या घरात माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता, आठवतोय? त्यात आजीची पत्र्याची पेटी असायची. पेटी ठेवली की पेटी दिसते, मागचा कोनाडा दिसत नाही. पेटी उचलून नेली की रिकामा कोनाडा दिसतो. माउंट करण्याचा फोल्डर म्हणजे हा कोनाडा, आणि डिस्क म्हणजे पेटी. यातली मेख अशी की कोनाड्यातही वस्तू ठेवता येतात. पेटी जागेवर नसताना तुम्ही डोळे मिटून हात घातलात, तर कोनाडा काही बोलत नाही. ठेवलेली वस्तू मुकाट ठेवून घेतो, आणि नंतर पेटी परत आली की ती वस्तू पेटीमागे दडून बसते. आत काही आहे का विचारलं तर म्हणतो, काही नाही, रिकामं आहे. पेटीच जागेवर नाही, हे तो सांगत नाही.

हे डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

डिस्क जोडायची नेहमीची पद्धत म्हणजे एफएसटॅब नावाच्या एका फाईलमध्ये ओळ लिहायची. मशीन सुरू होताना ती फाईल वाचली जाते आणि जे जे लिहिलंय ते ते जोडलं जातं, मशीन बंद होईपर्यंत. दुसरी पद्धत म्हणजे ऑटोमाउंट. यात एक सर्व्हिस कोनाड्यापाशी बसून राहते. कोणी पेटी मागितली की आणून ठेवते, आणि काही मिनिटं कोणी हात लावला नाही की उचलून परत नेते.

माझी आणि या दुसऱ्या पद्धतीची ओळख इंजिनिअरिंगला झाली. साल २००३, लॅबमध्ये रेड हॅट ९ असलेली चाळीस मशीन, सर्व्हर एक, आणि आम्ही तीनशे पोरं. कुठल्याही मशीनवर बसा, लॉगिन करा, आपलं घर (म्हणजे होम फोल्डर) तिथे हजर. मला वाटायचं आपल्या फायली चाळीसही मशीनवर कॉपी करून ठेवल्या असणार. लॅबच्या सरांना विचारलं तर त्यांनी एक फाईल उघडून दाखवली. त्यात एकच ओळ होती. डावीकडे एक चांदणी, मध्ये एखाददुसरा पर्याय, आणि उजवीकडे सर्व्हरचं नाव, रस्ता आणि शेवटी अँपरसँडचं चिन्ह. चांदणी म्हणजे "कोणीही मागो", आणि ते चिन्ह म्हणजे "जे नाव मागितलं तेच इथे घाला". तीनशे पोरांची घरं एका ओळीत. मी प्रोग्रामिंगमध्ये त्याआधी जे काही सुंदर म्हणून पाहिलं होतं ते सगळं त्या ओळीपुढे फिकं पडलं. आजही मला ती ओळ पाठ आहे, पाढ्यासारखी.

मी सरांना आगाऊपणे विचारलं होतं की सगळा होम फोल्डर एकदमच का नाही जोडून टाकत? सर म्हणाले, लाईट जाऊ दे, मग सांगतो. ते लोडशेडिंगचे दिवस होते, फार वाट पाहावी लागली नाही. मशीन परत आली, सर्व्हर मात्र डिस्क तपासत बसला होता. मग त्यांनी एका मशीनवर मुद्दाम जुन्या पद्धतीने होम जोडून ठेवलं होतं ते दाखवलं. त्या मशीनवर काहीही टाइप केलं की ते गप्प. यादी मागा, गप्प. कंट्रोल-सी दाबा, गप्प. बाकीची मशीन मात्र, जिथे कोणी बसलेलंच नव्हतं तिथे, मजेत चालू. त्यांनी सर्व्हरकडे काही मागितलंच नव्हतं, तर अडकतील कशी?

ही गोष्ट काही आमच्या लॅबपुरती नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस आणलं आणि ऑफिसाऑफिसांत एका मशीनने दुसऱ्याची डिस्क आणि दुसऱ्याने पहिल्याची डिस्क जोडायची टूम निघाली. मग लाईट जाऊन आली की पहिलं मशीन दुसऱ्याची वाट पाहतंय आणि दुसरं पहिल्याची. लग्नाच्या पंगतीत "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" चालतं तसं, फक्त इथे कोणीच जेवत नाही. सनने १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ऑटोमाउंटर दिला, आणि पुढच्या वर्षी ब्रेंट कॅलहन आणि टॉम लायन यांनी त्यावर निबंध वाचला. त्याच सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जॅन-सायमन पेंड्री यांनी एएमडी नावाचा वेगळा ऑटोमाउंटर लिहिला. ही सुरुवातीची मंडळी थोडी जुगाडू होती. सर्व्हिस स्वतःच खोटा एनएफएस सर्व्हर असल्याचं सोंग घ्यायची, आणि खरं माउंट भलतीकडेच करून तिकडे बोट दाखवायची. लिनक्ससाठी एच. पीटर अँव्हिन यांनी १९९७ मध्ये ऑटोएफएस लिहिलं, त्यात कर्नलचीच मदत होती, सोंगाची गरज उरली नाही. नंतर इयन केंट यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. इतकी वर्षं एकच कंटाळवाणी गोष्ट न कंटाळता सांभाळणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. असो.

तर इतकं सगळं माहीत असूनही, घरचा सर्व्हर मी २०१३ मध्ये बांधला तेव्हा एफएसटॅबच वापरलं. दोनच तर डिस्क होत्या! एकीवर फोटो आणि घरचं सगळं, दुसरीवर त्याची प्रत. वरून शहाणपणा म्हणून दोन्ही ओळींत "नोफेल" असा शब्द टाकला. याचा अर्थ, डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नको, मशीन सुरू होऊ दे. कारण मी ऑफिसात असताना लाईट जाऊन आली आणि सर्व्हर अडकून बसला तर घरचे मला फोन करणार, ते नको होतं. आणि रोज रात्री अडीच वाजता आरसिंक चालायचं. फोटोच्या डिस्कवर जे आहे ते दुसरीवर हुबेहूब. हुबेहूब म्हणजे, जे पहिलीवर नाही ते दुसरीवरूनही पुसायचं. त्यासाठी एक वेगळा पर्याय असतो, तो मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. झालं की मला मेल यायचा, "बॅकअप यशस्वी". नऊ वर्षं रोज सकाळी तो मेल यायचा आणि मी तो न उघडता पुसायचो.

२०२२ च्या जुलैत एका रात्री तीन-चार वेळा लाईट गेली-आली. सर्व्हर परत सुरू झाला. फोटोची डिस्क सुरू झाली नाही. ती त्या झटक्यात गेलीच होती, कायमची. नोफेल म्हणालं, हरकत नाही, पुढे चला. अडीच वाजता आरसिंकने फोटोच्या फोल्डरमध्ये डोकावलं. तिथे पेटी नव्हती, कोनाडा होता. कोनाडा म्हणाला, रिकामं आहे. मग आरसिंकने अगदी प्रामाणिकपणे, सांगितल्याप्रमाणे, दुसरी डिस्क हुबेहूब तशीच केली.

सकाळी मेल आला. बॅकअप यशस्वी.

दुसऱ्या सकाळी पण आला. तिसऱ्या पण.

चौथ्या दिवशी ताईचा फोन. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं आणि तिला आजीचा पाळणा हवा होता. २००८ च्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो तेव्हा मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन आजीच्या मागे लागलो होतो. चौदा रेकॉर्डिंग आहेत. म्हणजे होती. विहिरीची गोष्ट, फणसाच्या साठांची कृती, तिच्या लग्नातलं भांडण, जात्यावरच्या ओव्या, आणि एक पाळणा, मध्येच खोकत, मध्येच "पुरे आता" म्हणत. आजी २०११ मध्ये गेली. ताईला म्हटलं, दोन मिनिटं थांब, पाठवतो. फोल्डर उघडला. रिकामा. मग दुसरी डिस्क उघडली.

ते दोन मिनिटांचं मी अजून ताईला नीट सांगितलेलं नाही. ताई, आता इथे वाचते आहेस.

मेलेली डिस्क एका दुकानात नेली. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतली आणि आतल्या तबकड्याच खरवडल्या आहेत म्हणून परत दिली. बॅकअपच्या डिस्कवर मी फोटोरेक चालवलं. पुसलेल्या फाईलचं नाव आणि पत्ता जातो, पण वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. फोटोरेक तो मजकूर चाचपून, याची सुरुवात फोटोसारखी दिसते, याची गाण्यासारखी, असं ओळखून काढतं. त्या डिस्कवर नंतर काही लिहिलं गेलं नव्हतं, हे नशीब. कारण लिहायला काही उरलंच नव्हतं. बहुतेक फोटो परत मिळाले. पण नावं गेली, फोल्डर गेले, आणि प्रत्येक फाईलला एक लांबलचक आकडा चिकटला. मुंज कुठली, सहल कुठली, अजून लावतोय. आठवड्याला शंभर-दीडशे होतात. मोठ्या फायली मात्र डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या असतात, त्या अशा चाचपून जुळत नाहीत. चौदापैकी नऊ रेकॉर्डिंग सबंध मिळाली. दोन अर्धवट. तीन नाहीत. पाळणा त्या तिनांत.

मी त्या रात्रीचा विचार पुष्कळ केलाय. डिस्क मेली हा अपघात. डिस्क मरतातच, म्हणून तर दुसरी ठेवतो. आरसिंकने चूक केली नाही. पुसण्याला मर्यादा घालायचा पर्यायही त्यात आहे, तो मी वापरला नव्हता, ही माझी चूक, कबूल. पण मूळ गोम आहे ती "नाही" आणि "रिकामं" यांतला फरक पुसला गेला यात. तो पुसायची आज्ञा मीच दिली होती, नोफेल लिहून. घरात कोणी नाही आणि घरच नाही, या दोन बातम्या सारख्या कशा असतील? पण मशीनला मी सांगून ठेवलं होतं की दोन्हींना एकच उत्तर दे, आणि आवाज करू नकोस, मी ऑफिसात आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो.

ऑटोएफएसकडे लोक सोय म्हणून बघतात. आळशी माणसाला माउंट करायला नको म्हणून. माझं म्हणणं, सोयीसाठी असेल तर खरंच नको, एफएसटॅब पुष्कळ झालं. मी ते वापरतो कारण ते "नाही" म्हणतं. माझ्याकडे आता "घर" नावाचा एक वरचा फोल्डर आहे, तो सबंध ऑटोएफएसच्या ताब्यात. त्याच्या आत फोटो आणि प्रत ही दोन नावं एका नकाशाच्या फाईलमध्ये लिहिली आहेत. तीन रकाने, नाव, प्रकार आणि डिस्कचा ओळख क्रमांक. (एसडीबी, एसडीसी अशी नावं लिहू नका. मशीन पुन्हा सुरू झालं की ती आपसात बदलू शकतात.) कोणी फोटो मागितला की सर्व्हिस डिस्क जोडायला जाते. जोडली गेली तर उत्तम. नाही जोडली गेली तर मागणाऱ्याला सरळ चूक मिळते, अशी जागाच नाही. रिकामा कोनाडा हातात पडत नाही. तिथे चुकून काही ठेवायला गेलात तरी ठेवता येत नाही, कारण त्या फोल्डरात सर्व्हिसशिवाय कोणाला काही बनवता येत नाही. आरसिंकला मूळ जागाच सापडली नाही की ते कुरकुर करतं, पुसायचं काम सोडून देतं, आणि मला मेल येतो तो "यशस्वी" नसतो.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाहीये. बसवल्यावर पहिलं काम काय केलं तर फोटोच्या डिस्कची केबल उपटली आणि अडीचचं काम हाताने चालवलं. आणि बघत बसलो. ते ओरडलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, एखादं यंत्र ओरडल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसरी गोष्ट सोडण्याची. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की डिस्क सोडायची असं मी लिहिलंय, तीनशे सेकंद. प्रतीची डिस्क रात्री अर्धा तास लागते, उरलेले साडेतेवीस तास ती जोडलेलीच नसते. त्या वेळात लाईट गेली तर तिच्यावर अर्धवट लिहिलेलं काही नसतं. मी अपरात्री झोपेत भलत्याच ठिकाणी भलतीच आज्ञा दिली तरी ती वाचण्याची शक्यता जास्त. वापर संपला की दार लावून घ्यायचं, हे आजी आम्हाला रोज सांगायची, तेव्हा विषय मांजराचा असायचा. अर्थात सोडणं नेहमी जमतं असं नाही. मी एखादी टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरात उघडी ठेवून झोपायला जातो, मग सर्व्हिस बिचारी रात्रभर प्रयत्न करते आणि डिस्क "कामात आहे" म्हणून सोडता येत नाही. दोष तिचा नाही.

त्रासही सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मामा जाहिरात करतोय. पहिला त्रास बायकोने शोधला. तिने "घर" उघडलं आणि हाक मारली, "अहो, सगळं परत गेलं!" माझ्या पोटात खड्डा. काही गेलं नव्हतं. ऑटोएफएस नाव घेऊन मागेपर्यंत नावही दाखवत नाही, त्यामुळे वरचा फोल्डर कायम मोकळा दिसतो. म्हणजे रिकामं दिसतंय पण आहे, अशी उलटीच गंमत. ज्या माणसाने नुकतंच आपलं सगळं गमावलंय त्याच्या घरात हा विनोद चालत नाही. त्यावर उपाय आहे. नावं आधीपासून दाखवायचा पर्याय चालू करता येतो, मी केला. नावं दिसतात, आत पाऊल टाकलं की माउंट होतं, आणि न झालं तर चूकच मिळते. केबल उपटून तेही पाहिलं.

ताईचा आक्षेप वेगळा. "आपोआप" हा शब्दच तिला नको, कारण पेन ड्राइव्ह लावला की आपोआप व्हायरस यायचा ते दिवस तिने नागपूरच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भोगलेत. ताई, तो ऑटोरन. तिथे विंडोज नुसतं पेटी उघडून थांबत नसे, आत ठेवलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं कामही करायला लागायचं. २००८ मधला कॉनफिकर तसाही पसरला, आणि मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठी ते पेन ड्राइव्हपुरतं बंद केलं. दार उघडणं वेगळं आणि आलेल्या पाहुण्याच्या हाती किल्ल्या देणं वेगळं.

आणि भाच्याचं "जितक्या सर्व्हिस तितकी बिघडायची ठिकाणं". बरोबर आहे. बिघडलीच! बसवल्यावर दोन महिन्यांनी मी सर्व्हर अपडेट करून पुन्हा सुरू केला, आणि ऑटोएफएस सुरूच झालं नाही. कारण मी सिस्टिमसीटीएलने ते "स्टार्ट" केलं होतं, "इनेबल" केलं नव्हतं. आत्ता सुरू कर आणि दर वेळी सुरू होत जा, या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. वीस वर्षं हे काम करून पगार घेणारा माणूस ही चूक करतो. दोन्ही एका दमात करता येतं, एका ओळीत, पण मी केलं नव्हतं. पण पुढे काय झालं ते बघ. अडीच वाजता आरसिंकला जागा सापडली नाही. थांबलं. सकाळी मेलमध्ये चूक. मी दात घासत घासत ती दुरुस्त केली. एक बाइट गेला नाही. तीच चूक, म्हणजे माझा तोच निष्काळजीपणा, जुन्या मांडणीत काय करून गेला होता? म्हणून मी म्हणतो, ठिकाणं वाढली तरी चालतील, ती बिघडल्यावर गप्प बसू नयेत.

भाच्या, तू म्हणशील हेच सिस्टिमडीच्या ऑटोमाउंटने होतं, एफएसटॅबच्या ओळीत एक शब्द वाढवला की झालं. होतं, आणि ज्यांना नवी फाईल नको त्यांनी ते जरूर वापरावं. माझी एकच तक्रार. तिथे खालचा फोल्डर खराखुरा असतो. ते ऑटोमाउंट युनिटच कधी बंद पडलं, तर तो उघडा पडतो. परत कोनाडा. त्या फोल्डरला "बदलता येणार नाही" अशी खूण करून ठेवली तर निदान त्यात काही लिहिलं जात नाही, पण तो रिकामा दिसायचा तो दिसतोच. मला आता कोनाड्याची भीती बसली आहे, हे मान्य. ताकही फुंकून पितोय म्हण.

आणि सगळीकडे ऑटोमाउंट लावा असंही मी म्हणत नाही. जी डिस्क चोवीस तास लागते, जिच्यावर डेटाबेस चालतो, ती सरळ एफएसटॅबमध्ये असावी, आणि नोफेलशिवाय असावी. नसेल तर मशीन अडून बसू दे. फोन येऊ दे मला ऑफिसात.

क्लाउडचं विचाराल तर तिसरी प्रत आता तिकडेही जाते. पण तिकडे काय पाठवायचं हे ठरवणारी आज्ञा इथेच, टेबलाखाली, अडीच वाजता चालते. तिला कोनाडा दाखवला तर ती कोनाडाच वर पाठवेल.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. माझ्या अक्षरात, बायकोसाठी. सर्व्हिसचं नाव काय, चालू आहे का कसं बघायचं, नकाशाची फाईल कुठे आहे, कुठल्या डिस्कवर काय, आणि मेलमध्ये "यशस्वी" नसेल तर कोणाला फोन करायचा. शेवटचं नाव भाच्याचं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता मागणं. २००९ च्या मे महिन्यात मी आजीच्या चौदा रेकॉर्डिंगच्या सहा सीडी करून वाटल्या होत्या. वर निळ्या स्केचपेनने "आजी, दिवाळी" लिहिलंय. आत्या, तुझी सापडली पण ती लावल्यावर नुसती घरघरते, आठवतंय. ताईची नागपूरला घर बदलताना गेली. माझी स्वतःची कुठे गेली देव जाणे. मधल्या काकांची, मस्कतच्या दादाची आणि चिपळूणच्या मावशींची, या तीन राहिल्या. काकांच्या भिंतीतल्या कपाटात, खालच्या खणात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे एक सीडींचं पाकीट आहे. मी गणपतीत बघितलं होतं, तेव्हा सगळे जेवायला बसले होते म्हणून उघडता आलं नाही. काका, तुम्ही हे वाचत नाही, पण काकू वाचतात. काकू, जमेल तेव्हा एकदा बघाल का? प्लेअरमध्ये घालू नका, घासू नका, पुसू नका. आहे तशी पाकिटात ठेवा, मी येऊन घेऊन जातो. बाळ आता तीन वर्षांचं होईल.